रिपोर्ट द्या, मास्तर

कुठल्याही घरात पाऊल टाकलं की हवालदार आधी रेडिओवर हात ठेवायचे. चहा नको, पाणी नको, बटण फिरवणं तर नकोच. रेडिओ चालू असायचा, घरातली माणसं तक्रारी सांगत असायची आणि हे आपले उजव्या हाताचा पंजा त्या लाकडी खोक्यावर टेकवून, डोळे मिटून उभे. पोराला ताप आला की आई कपाळावर हात ठेवते तसे. मग डोळे न उघडताच म्हणायचे, "लाकूड बोलतंय. लाकडानं गप बसायचं असतं."

आता तुम्ही म्हणाल, लाकूड कसं बोलेल? पण तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळचे रेडिओ ऐकलेत त्यांना हे सांगायला नको. युद्ध संपून रेडिओ पुन्हा दुकानांत दिसू लागले होते, आणि सांगलीत ज्याच्या घरी रेडिओ आला त्याला तो लहानच वाटायचा. एवढ्या किमतीची वस्तू आणि एवढंसं खोकं! मग सुताराला बोलावून सागवानी कपाट करून घ्यायचं, वर कोरलेले हत्ती, पुढे जाळी. त्यात तो बिचारा रेडिओ कोंबायचा आणि कपाट खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटवून उभं करायचं. झालं. डग्ग्यावर थाप पडली की खिडकीची तावदानं थरथरायची आणि बातम्या देणारा गृहस्थ आडात उतरून बातम्या देतोय असं वाटायचं. आवाज भरपूर, शब्द एक कळेल तर शपथ. हवालदारांचा धंदा या घुमण्यावर चालायचा. बाकीच्या दुरुस्त्याही ते करत, पण मनापासून करत ती हीच.

हवालदार ही त्यांची खरी पदवी नव्हे. लष्करात ते नाईक होते, बिनतारी संदेशांच्या खात्यात. आमच्या बोळानं त्यांना एक पायरी चढवून टाकलं. मी एकदा याबद्दल छेडलं तर मिशीत हसून म्हणाले, "सरकारनं दिलं न्हाई ते सांगलीनं दिलं. घिऊन टाकलं." गाव माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पलीकडचं. घरी थोरला भाऊ, भावजय आणि मेंढरं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तोफांच्या शेजारी खड्ड्यात बसून, कानाला यंत्र लावून बारीक टकटक टिपायची हे त्यांचं काम होतं. "हिकडं तोफ, तिकडं डास. आन् ऐकायचा डास!" असं ते सांगायचे आणि आम्ही हसायचो. त्या तोफांनी जाता जाता काय नेलं होतं, ते तेव्हा ना आम्हाला ठाऊक होतं ना त्यांना.

त्यांचं दुकान म्हणजे बोळाच्या तोंडाशी असलेल्या एका जिन्याखालची जागा. आत शिरताना वाकावं लागे आणि बाहेर पडताना हमखास डोकं आपटे. पाटी नव्हती. मी तिथून चार घरं पुढं राहायचो, हायस्कुलात गणित शिकवायचो आणि गुरुवारी भजनाला पेटी वाजवायचो. पेटीवाला म्हणजे सुरातला जाणकार अशी त्यांची समजूत झाली. ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. कान मला बरा होता. कमी पडलं ते दुसरंच काहीतरी.

आमची ओळख झाली ती माझ्या जुन्या रेडिओपायी. ते घरी आले, खोक्यावर हात ठेवला, लाकूड बोलतंय म्हणाले. मी मास्तर माणूस. म्हटलं, "बोलतंय म्हणजे काय? नीट समजावून सांगा."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. अंगणात आमचा पाण्याचा रांजण घासून पालथा घातला होता. तो त्यांनी सुलटा केला आणि म्हणाले, "मास्तर, ह्यात तोंड घालून सा लावा. आन् हळूहळू वर सरका."

मी घातलं तोंड. सा लावला, रे लावला, काही नाही. ग आणि म यांच्या मध्ये कुठंतरी पोचलो आणि रांजण एकदम असा हुंकारला की माझे दातच झिणझिणले. आमच्या घरातून ही बाहेर आली, ती नवऱ्याचं मुंडकं रांजणात पाहून दारातच थबकली.

"बघितलासा?" हवालदार म्हणाले. "परतेक खोक्याचा एक लाडका सूर असतो. त्यो आला की खोकं हुरळतं आन् गानाऱ्याच्या वर वरडाय लागतं. गाती ती बाई, घुमतंय ते खोकं." मग खांद्यावरच्या पिशवीतून त्यांनी जुन्या घोंगडीचा तुकडा काढला, रांजणात टाकला आणि म्हणाले, "आता म्हना." मी पुन्हा तोच सूर लावला. रांजण गप्प! माझा आवाज तेवढा माझाच ऐकू आला, आणि तो मला वाटत होता तितका चांगला नव्हता.

"अहो, पिण्याच्या रांजणात घोंगडी!" ही ओरडली. हवालदारांनी तिला एवढ्या गंभीरपणे मुजरा केला की तिला पुढं बोलताच येईना. रांजण मात्र तिनं तीनदा घासला.

ती घोंगडी हे त्यांचं खरं औषध. माणदेशातल्या काळ्या लोकरीची, आणि नवी चालायची नाही. दहा-बारा वर्षं पांघरून मऊ झालेलीच हवी. गावाकडून ते एकेक घेऊन यायचे, कातरीनं तुकडे करून खोक्याच्या आतल्या अंगाला बारीक खिळ्यांनी ठोकायचे. "भावजय कावती," म्हणायचे. "म्हनती, हितं मानसाला न्हाई आन् तू खोक्याला पांघरतूस." पण नुसती घोंगडी कोंबली असं नाही. आधी कपाट कोपऱ्यातून ओढून भिंतीपासून हातभर पुढं घ्यायचं. मग खोक्याच्या बाजूंना आतून आडवी पट्टी मारायची, म्हणजे फळी थरथरत नाही. पायांखाली विटा. एवढं करून उरलंच घुमणं, तर घोंगडी, तीही बेताबेतानं. स्वयंपाकात मीठ पडावं तशी.

एका वकिलांच्या घरी त्यांनी सगळं केलं तरी एका ठराविक सुराला झुंईऽ असा आवाज यायचाच. हवालदार रेडिओ सोडून घरभर हात लावत हिंडले. भिंतीला, दाराला, देव्हाऱ्याला. शेवटी माजघरातल्या फळीवरचे पितळी डबे एकेक करून उचलायला लागले, आणि लाडूंचा डबा उचलल्याबरोबर झुंई थांबली. झाकण सैल होतं. वकीलसाहेब म्हणाले, "म्हणजे रेडिओ बिघडलाच नव्हता?" तर हे म्हणाले, "डबा रिकामा झालाय साहेब. लाडू करून भरा, आपसूक गप बसंल." त्या घरी आम्हाला पुढच्याच आठवड्यात लाडू खायला बोलावणं आलं.

आणि एक कापडवाले होते, त्यांना घुमणारंच हवं होतं. "रस्त्यावर ऐकू गेलं पाहिजे," म्हणाले. हवालदारांनी पिशवी उचलली. "मंग रेडू कशाला? ढोल घ्या की. वीज लागत न्हाई." गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. मी म्हटलं, अहो, जरा गोडीनं घ्यावं. ते म्हणाले, "कामात खोटं बोलाय मला जमत न्हाई, मास्तर." हे वाक्य मी किती वेळा आठवलं असेल, याचा हिशोब गणिताच्या मास्तरालाही लागणार नाही.

काम झालं की ते मला ऐकणाऱ्याच्या जागी बसवायचे. सोबत आणलेलं तबकडीचं यंत्र रेडिओला जोडून नेहमीची एक तबकडी लावायचे. तिच्यावर एक बाई अभंग म्हणत होती आणि साथीला तबला होता. आपण खोक्यामागं उकिडवे बसायचे आणि लष्करातल्यासारखे विचारायचे, "रिपोर्ट द्या, मास्तर." मी द्यायचो. "डग्गा अजून सुटतोय." "बाई जरा मागं गेली." ते पट्टी सरकवायचे, तुकडा काढायचे, घालायचे. पुन्हा रिपोर्ट. असं तासन् तास चालायचं. सगळं जुळलं की तो क्षण न सांगता कळायचा. खोकं नाहीसं व्हायचं. समोर बाई बसून गातेय, शेजारी तबलजी आहे, त्याचा डग्गा गोल वाजतोय आणि वाजून थांबतोय. आयुष्यात मी पुढं पुष्कळ महागडी यंत्रं ऐकली, पण ते सुख मला त्यांत सापडलं नाही.

दुसऱ्या वर्षी काहीतरी बदलायला लागलं. हवालदार कुरकुर करू लागले की हल्लीच्या तबकड्याच जाड निघतात. मुंबई केंद्राचा आवाजही जाड झालाय. माणसंसुद्धा तोंडातल्या तोंडात बोलतात, 'स' आणि 'श' गिळतात. बोलताना ते माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायला लागले. एकदा आम्ही रस्त्यानं चाललो होतो, मागून सायकलवाला घंटी वाजवून वाजवून दमला आणि शेवटी यांच्या पायांत घुसला. हवालदार त्याच्यावर तापले, "घंटी हाय का न्हाई तुज्या सायकलीला?" मी घंटी ऐकली होती. त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. बारीक आवाज त्यांच्या कानातून निघून चालले होते आणि जाड तेवढे उरले होते. त्यांच्या लेखी आता सारं जगच घुमत होतं, आणि त्यावर त्यांच्यापाशी एकच औषध होतं.

मी सांगायला हवं होतं. सांगणारही होतो. पण त्याच आठवड्यात त्यांचा थोरला भाऊ गावाकडून आला.

माझ्याच घरी हवालदारांनी माझा रेडिओ उघडला होता. कारण नसताना, निव्वळ त्यांना तो घुमतोय असं वाटलं म्हणून. भाऊ उंबऱ्यावर बसला होता. म्हणत होता, "आरं, शेरात जिन्याखाली राहून काय मिळवलंस? चल माघारी. मेंढरं बघाय मानूस न्हाई."

"दादा, सांगलीत ह्या कामाला माज्यासारका दुसरा न्हाई," हवालदार म्हणाले. "माजं सांगनं नको, मास्तरास्नी इचार." त्यांनी मागची फळी बसवली, तबकडी लावली, आणि खोक्यामागून उठून माझ्याकडे पाहिलं. "रिपोर्ट द्या, मास्तर."

बाईचा आवाज पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसा येत होता. डग्गा तर नव्हताच. भाऊ माझ्याकडे बघत होता, हवालदार माझ्या तोंडाकडे बघत होते.

"छान," मी म्हणालो. "अगदी छान."

भाऊ दुसऱ्या दिवशी एकटाच गावी गेला. मला वाटलं, मी एका माणसाचा धंदा वाचवला.

त्यानंतर खरं सांगणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं. पहिल्या खोट्याला आठवडा झाला, मग महिना झाला. आता सांगायचं म्हणजे आधीचंही सांगायला हवं. आमच्या घरी तर नाटकच सुरू झालं. हवालदारांची पाठ फिरली की ही खोक्यातले घोंगडीचे तुकडे काढून ठेवायची, आणि ते येताना दिसले की आम्ही दोघं धावपळ करून परत कोंबायचो. पुढं पुढं तिला त्याचा कंटाळा आला. तिनं ते तुकडे एका उशीत घातले.

"अहो, सांगून टाका एकदा," ती म्हणायची. "भीड भिकेची बहीण म्हणतात. तुमची भीड तुम्हाला नाही, त्यांना भिकेला लावील."

"त्यांना वाईट वाटेल," मी म्हणायचो.

"त्यांना वाटेल की तुम्हाला?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं.

असा काळ गेला आणि बंगल्याचं काम आलं. उसाच्या एका मोठ्या बागायतदारांनी सांगलीत नदीच्या अंगाला बंगला बांधला होता. आबासाहेब म्हणायचे त्यांना. त्यांनी रेडिओ आणि तबकडीचं यंत्र एकाच कपाटात असलेला मोठा रेडिओग्राम आणला होता, आणि तो असा घुमायचा की त्यांच्या म्हाताऱ्या आईला अभंगातला एक शब्द कळेना. म्हातारीची नजर गेली होती, ऐकणं हाच विरंगुळा. आबासाहेबांची पेठेत दुकानांची चाळ होती. त्यांनी हवालदारांना निरोप धाडला, "आईचं समाधान करा, पेठेतला कोपऱ्याचा गाळा तुमचा."

पेठेत गाळा! हवालदारांनी पाटीवर काय लिहायचं ते माझ्याकडून कागदावर काढून घेतलं. हवालदार लिहू की नाईक, असं मी विचारलं. बराच विचार करून म्हणाले, "नाईक लिवा. पाटीवर खरं पायजे." आणि रविवारी सकाळी आम्ही दोघं बंगल्यावर गेलो. मी त्यांचा कान म्हणून.

काम त्यांनी पूर्वीसारखंच सुरू केलं. कपाट कोपऱ्यातून काढलं, आतून पट्ट्या मारल्या, विटा दिल्या, घोंगडीचे दोन तुकडे लावले. तबकडी लावली. आणि मी खुर्चीत ताठ झालो. कपाट नाहीसं झालं होतं. बाई समोर बसून गात होती. डग्गा गोल, थांबणारा. दीड-दोन वर्षांत असं ऐकलं नव्हतं.

"रिपोर्ट?"

"छान!" मी म्हणालो, आणि या खेपेस ते मनापासून होतं. पण माझ्या मनापासूनच्या 'छान'मध्ये आणि रोजच्यात त्यांना फरक कसा कळावा? त्यांनी कपाटावर हात ठेवला, डोळे मिटले आणि मान हलवली.

"अजून बोलतंय."

इथं मी उठून त्यांचा हात धरायला हवा होता. म्हणायला हवं होतं, हवालदार, इथं थांबा, तुमचा कान दगा देतोय, आज माझ्यावर विश्वास ठेवा. माझ्या तोंडून निघालं, "तुम्हाला वाटत असेल तर बघा."

ते बघत राहिले. दोन तुकड्यांचे चार झाले, चाराचे दहा. सगळी पिशवी आत गेली, मागची फळी मोठ्या कष्टानं बसली. घाम पुसत त्यांनी तबकडी लावली. "आता?"

"आता छानच," मी म्हणालो.

आबासाहेब आईला हाताला धरून घेऊन आले. मागं घरची माणसं, चार पाहुणे. म्हातारी खुर्चीत बसली, पदर सावरून हात जोडून. तबकडी फिरायला लागली. म्हातारीनं थोडा वेळ ऐकलं, मग मान कलती केली.

"ही बाई आजारी हाय का रं?" तिनं विचारलं. "आवाज का असा बसलाय हिचा?"

कुणीतरी हसलं. आबासाहेब हसले नाहीत. माणूस सभ्य होता. ते माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्हाला यातलं कळतं असं हवालदार सांगत होते. तुम्ही सांगा. हे बरोबर झालंय का?"

हवालदार कपाटाशी सावधान उभे होते. त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. एवढ्या माणसांत खोटं बोलायचं माझ्यानं झालं नाही. एकट्या माणसाशी दीड-दोन वर्षं झालं होतं.

मी म्हणालो, "जरा जास्त झालंय."

त्यांना ते वाचता आलं. ते अगदी हळू म्हणाले, "मगाशी तर छान म्हनलासा." त्यात राग नव्हता. हिशोब चुकलेला मुलगा फळ्याकडे बघतो तसं ते माझ्याकडे बघत होते.

मग ते खाली बसले, मागची फळी काढली आणि सगळी घोंगडी बाहेर ओढली. सगळी, पहिले दोन तुकडेही. पट्ट्या काढल्या, विटा काढल्या. आबासाहेब म्हणत होते, अहो, राहू द्या, पुन्हा बघू, तरी कपाट ढकलून होतं त्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. रिपोर्ट विचारला नाही. आबासाहेबांना मुजरा केला, म्हातारीच्या पाया पडले आणि निघाले.

परतताना नदीच्या घाटापर्यंत ते माझ्यापुढं चार पावलं चालत राहिले. तिथं थांबले आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "कवापासनं?"

"काय कवापासून?"

"मास्तर, आता तरी."

मी सांगितलं. तुमचे बंधू आले होते तेव्हापासून.

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. डाक्टरांचं, सराफांचं, वकिलांचं दुसऱ्यांदा केलेलं, शाळेजवळच्या काकूंचं. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपली. "म्हंजी एवढ्या लोकांचं मी वाटूळं करून ठेवलंय," ते म्हणाले आणि बोळाच्या दिशेनं चालायला लागले. मी मागून हाक मारली. ती त्यांना ऐकू गेली नाही, किंवा गेली असेल.

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर गेले. प्रत्येक दारात उभं राहून म्हणायचे, "माजं काम चुकलंय. घोंगडी काढून न्यायला आलोय." ही हकीकत मला नंतर ज्याच्या त्याच्याकडून कळली. डॉक्टरांकडे त्यांनी खोकं उघडलं तर ते रिकामं. घोंगडी कंपाउंडर फरशी पुसायला वापरत होता. सराफांकडे ती मांजराच्या टोपलीत होती. काकूंनी लाजत लाजत कंदिलाची काच पुसायचं फडकं पुढं केलं. बहुतेक घरांनी ती आपापली केव्हाच काढून टाकली होती आणि हवालदारांना कुणीच काही बोललं नव्हतं. सगळे त्यांना चहा देत होते, छान झालं म्हणत होते आणि पाठ फिरली की फळी उघडत होते. एकट्या माझीच भीड नव्हती ती. पण रिपोर्ट त्यांनी मागितला होता तो माझ्याकडे.

आमच्याकडे ते सर्वांत शेवटी आले. हिनं उशी आणली, शिवण उसवली आणि तुकडे त्यांच्यापुढं ठेवले. तिचे डोळे भरले होते. हवालदारांनी एकेक तुकडा झटकून पिशवीत भरला.

"वैनी, तुमाला बी ठावं हुतं?" त्यांनी विचारलं.

"होय," ती म्हणाली.

"म्हंजी सगळ्या गावाला ठावं हुतं," ते म्हणाले. "एकट्याला सोडून." मग पिशवीचं तोंड बांधता बांधता माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, कान गेल्याचं काय न्हाई वो. त्ये जानारच हुतं. तुमचा कान हुता की माज्यापाशी. त्येच्यावर मी धा वर्सं काढली असती."

मी तिथंच पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, "चहा घेऊन जा." ते म्हणाले, नको. आठवड्याभरात जिन्याखालची जागा रिकामी झाली. तिथं एक चपला शिवणारा बसायला लागला.

त्यानंतर ते मला एकदाच भेटले. पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी साताऱ्याला मेहुण्याकडे गेलो होतो. तिथून कुणाला न सांगता दहिवडीची मोटार धरली आणि पुढं दोन कोस चालत गेलो. मोटारीत मी वाक्य पाठ करत होतो. हवालदार, मी तुमच्याशी खोटं बोललो, ते तुमच्या भल्यासाठी नव्हतं, माझ्या सोयीसाठी होतं. मला माफ करा. शाळेतल्या पोरासारखं शंभरदा घोकलं असेल.

ते घरापुढं दगडावर बसून दोर वळत होते. मला पाहून उठले. "मास्तर! आवं, कवा आलासा?" आवाज एवढा मोठा की मेंढरं बिचकली. स्वतःचा आवाजही आता त्यांना कळत नसावा. त्यांनी घोंगडी अंथरली, मला बसवलं, भावजयीला चहा टाकायला सांगितलं. त्यांना खरोखर आनंद झाला होता, आणि तो पाहून मला जास्तच मेल्यासारखं झालं.

मी खाली मान घातली आणि पाठ केलेलं सगळं बोललो. एकही शब्द गाळला नाही.

"आं?" ते म्हणाले आणि कानामागं हात धरला.

मी पुन्हा बोललो, थोडं मोठ्यानं. तोवर त्यांचा भाऊ जवळ आला होता, शेजारचे दोघं म्हातारे सांगलीचा पाहुणा बघायला येऊन टेकले होते, भावजय दारात उभी होती.

"त्येला हळू बोललेलं अजिबात ऐकू येत न्हाई आता," भाऊ म्हणाला. "तोंड वर करा, मास्तर, आन् वरडा. चांगलं वरडून सांगा, म्हंजी कळंल."

मी तोंड वर केलं. हवालदार माझ्या ओठांकडे बघत होते, उत्सुकतेनं, किंचित हसत. सगळे माझ्याकडे बघत होते. जे शेजारी बसून कानात सांगता आलं असतं, ते मी कानाची वेळ जाईपर्यंत सांगितलं नव्हतं, आणि माफी काही अशी ओरडून मागता येत नाही. निदान मला आली नाही.

मी पोटातून ओरडलो, "यंदा पाऊसपाणी कसं काय?"

"व्हय, व्हय," ते खुशीनं म्हणाले. समजलं होतं त्यांना. मग समोरच्या उघड्या माळाकडे हात करून सांगितलं, "न्हाई, मास्तर. औंदा बी न्हाई."